खड्डा वर

नाही काका, पुन्हा सांगते — चंद्रावरचा तो मोठा खड्डा, ज्याच्यातून पांढरे पट्टे फुटलेत ना, तो वर हवा. वर! टांगायचे आकडे भलत्याच बाजूला लावलेत तुम्ही, ते आधी काढा. अकराला परीक्षक येणार, आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र प्रदर्शनात लागलंय, आणि माझी सही बघा कुठे — वरच्या कोपऱ्यात, डोक्यावर उभी! तरी शंका आली नाही तुम्हाला? माझ्या वडिलांनी सांगितलं आणि तुम्ही फिरवलंत? पांढरे केस दिसले की माणूस बरोबरच असतो का? ‘सर म्हणाले’ — अहो, सर शाळेत. तीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून चंद्र काही त्यांच्या नावावर झालेला नाही.

सात महिने गेलेत ह्यात. गच्चीवर दुर्बीण, शेजारी स्टूल, स्टुलावर वही — डोळा लावायचा, रेघ मारायची, पुन्हा डोळा लावायचा. मग खाली येऊन तैलरंगात उतरवायचं. तो काळा तर तीन-तीन आठवडे वाळत नाही, बोट लागलं की संपलं, म्हणून घरात रोजची भांडणं — दार आपटू नका, पंखा लावू नका. आणि आमची दुर्बीण उलटं दाखवते हो. त्या जातीच्या सगळ्याच दाखवतात. मी दिसलं तसं काढलं, मला तेच तर काढायचं होतं! तर बाबा सकाळी आठला माझ्याआधी इथे हजर, आणि मी येईपर्यंत चंद्र सरळ करून मोकळे. वर मलाच म्हणतात, ‘बरं झालं मी लवकर आलो. त्या गाढवांनी प्रदर्शनाच्या पत्रकातही उलटाच छापलाय.’

हळू, कोपरा घासेल! — मग भडकले मी. का नाही भडकणार? ‘जन्मात कधी दुर्बिणीला डोळा लावलाय का तुम्ही?’ म्हटलं, सगळ्यांसमोर. ऐकलंत ना तुम्हीही. तर चष्मा काढून खिशात घातला आणि जाऊन बसले बाहेर बाकावर. रुसायचं तेवढं बरं जमतं.

आणि विचारलं तेही मूर्खासारखंच, कारण दुर्बीण त्यांचीच. पै-पै साठवून आणलेली. शाळेच्या गच्चीवर मुलांची ही एवढी रांग, हे नळीच्या वरून नेम धरून चंद्र लावून द्यायचे, चंद्राचा नकाशा तर तोंडपाठ — ‘खालचा मोठा खड्डा दिसला का गं?’ मी सातवीत. मला तो दिसायचा वर. मी ‘दिसला’ म्हणून टाकायचे. वाटायचं, ह्यांची जीभ घसरते. बाबा, तुम्ही बघा ना, म्हटलं की — ‘आधी मुलं. माझा नंबर शेवटी.’ आणि शेवटी काय, तर ढग यायचे, नाहीतर चंद्र समोरच्या इमारतीमागे, नाहीतर शिपाई किल्ल्या वाजवत उभा. आता तर मानच वाकत नाही. पण एकदा तरी — अहो, पहिल्याच दिवशी कळतं ते, उलटं दिसतं म्हणून. कोणालाही कळतं. एकदा नुसता डोळा लावला की —

थांबा. फिरवू नका जरा.

काका, शिडीवरून तो बाक दिसतो ना? आहेत का तिथे? … काय करताहेत? — पत्रक? कसं म्हणजे — फिरवून फिरवून बघताहेत?

उतरा खाली. नाही, नाही, चित्र आहे तसं राहू द्या, आकडे द्या इकडे, मी लावते. तुम्ही जरा जाऊन या कुठेतरी — जा म्हटलं ना! आणि मागच्या दारानं जा, काका. त्यांच्या समोरून जाऊ नका.