हळदीकुंकवाच्या सह्या

आधी माझा गाढवपणा लिहून घे बाई, म्हणजे पुढचं ऐकताना मला उगाच भली समजायची नाहीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकांच्या सह्या घेतल्या, वाण मिळालं म्हणून, आणि त्या सह्या आमच्या पक्षाचा नवा नेता निवडायला वापरल्या.

मी मूळची कळव्याची, लग्न होऊन मोहन्याला आले, हे कंपनीत होते, कंपनी बंद पडली तेव्हा शेजारची कुसुम मला पक्षाच्या शाखेत घेऊन गेली, म्हणाली, घरात रडत बसण्यापेक्षा चल, नळाच्या मोर्चाला बायका कमी पडतायत. तेव्हापासून आम्ही दोघी जोडीनंच. माझा पोरगा तिच्या मांडीवर वाढला, काय सांगू तुला. पुढे मला महिला आघाडीचं पद मिळालं आणि माझं डोकंच फिरलं. नावाचं लेटरपॅड छापलं, दूधवाल्याला उद्या एक पिशवी जास्त दे, हेसुद्धा मी लेटरपॅडवर लिहायचे, खाली शिक्का मारून. हस, हस. पन्नाशी उलटलेली बाई!

मग साहेब, आमचे पक्षप्रमुख, वारले. पक्षात दोन गट पडले, एक साहेबांच्या सुनेचा, म्हणजे वहिनींचा, दुसरा सरचिटणीस भाऊंचा. कुसुम वहिनींकडची, साहेबांच्या घरातलंच माणूस पाहिजे म्हणायची. मी भाऊंकडे, का, तर भाऊ म्हणाले होते, ज्या शाखेतून माझ्या पाठिंब्याच्या जास्त सह्या येतील तिथली बाई ठाण्याच्या सभेला स्टेजवर, माझ्या शेजारी. झालं, मला स्टेजच दिसायला लागलं. हळदीकुंकवाला कागद पुढे केला, वरचा अर्धा कोरा, पाठिंब्याचा मजकूर मागाहून लिहायला, आणि म्हटलं, वाण मिळाल्याची सही करा गं, वरून विचारतात. कुसुम माझ्याच बरोबरीनं सगळ्यांना अत्तर लावत होती, तिनं सगळ्यात शेवटी सही केली, न बघता. तेव्हा तरी मी कागद मागे घ्यायला हवा होता. नाही घेतला.

ठाण्याच्या हॉलात दोन्हीकडची माणसं जमलेली. मी स्टेजवर, पैठणी, गॉगल केसांवर चढवलेला, नवरीसुद्धा इतकी नटत नाही. भाऊंचा माणूस पाठिंब्याची यादी वाचत होता, ‘मोहने शाखा’ म्हणाला आणि कुसुमचं नाव पुकारलं. ती खाली वहिनींच्या बायकांत बसलेली. सगळ्या वळून बघायला लागल्या, एक म्हणाली, काय कुसुमताई, बसायचं आमच्यात आणि सही तिकडे होय? ती उभी राहून सांगत राहिली, अहो, मी नाही दिला पाठिंबा, पण कागदावर तिचीच सही. तिथल्या तिथं तिच्या गळ्यातलं उपरणं काढून घेतलं. तिनं मान वर करून स्टेजकडे बघितलं. आणि मी टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात भाऊंची निवड जाहीर झाली होती ना.

भाऊ पुढच्या निवडणुकीला दुसऱ्याच पक्षात गेले. माझं पद गेलं, लेटरपॅडच्या पाठीवर नातवंडं चित्रं काढतात. कुसुम शहाडला लेकीकडे राहायला गेली, मला न सांगता. मोहन्याहून शहाड ते असं कितीसं लांब, पण मला तिथं जायला इतकी वर्षं लागली.

गेल्या महिन्यात गेले. लेकीनं दार उघडलं, आत या म्हणाली नाही, मीच शिरले. कुसुम खाली बसून मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं ओकले, कोरा कागद, स्टेज, टाळ्या. तिचा हात काही थांबला नाही. मग बोलली, आणि हे तिचेच शब्द लिही, माझं काही घालू नकोस: मंदे, मला नुसतं विचारलं असतंस ना, तर वहिनींना सोडून तुझ्यासाठी केली असती गं सही.