मारबतीची वर्गणी

...नाही, पण मी म्हणतो, मारबतीचे कोणी पैसे घेते का? तुम्हीच सांगा! शिमग्याले रस्त्यात बंडी अडवून घेतात, घ्या बाप्पा, त्याले कोण नाही म्हणते? पण मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गवताची-चिंध्यांची ती बाई करायची, 'खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत, माशा-मच्छर घेऊन जा गे मारबत' असं बोंबलत गावभर फिरवायची अन् शिवेवर नेऊन जाळायची... पणजोबापासून फुकट चालू आहे हे! अन् या हुतुतू मंडळाच्या पोट्ट्याईनं त्याचं दुकान मांडलं. दुकान! जिंदगी गेली माझी तिरोड्याहून माल आणून गावात विकण्यात, मले नाही सुचलं. मानलं बाप्पा पोट्ट्याईले!

तर झालं काय, मागच्या साली नागपुरात होते हुतुतूचे सामने. आमचे पोट्टे म्हणजे धानाच्या बांधीत, चिखलात खेळून तयार झालेले, एकदा दम धरला की नागऱ्याच्या देवळाले चक्कर मारून येतील! पण गाडीभाडं? चड्ड्या? त्यांचा पुढारी फागू, मिसरूड नाही फुटलं अजून, आला दुकानात. 'काकाजी, वर्गणी.' मी म्हटलं, 'बाबू, सध्या धंदा मंदा आहे.' आता धंदा कधी मंदा नसते? हे काय खोटं झालं? मालगुजाराकडे गेला, त्यांचाही मंदा. सगळ्या गावाचा मंदा! फागू नुसता हसला. तिथंच समजायले पाहिजे होतं मले.

अन् ऐन पोळ्याच्या सकाळी दवंडी! 'आयका होऽ! ज्याले ज्याचा तरास असन, त्याचं नाव मारबतीसंगं धाडू! नावाले एक आणा! कोनं देल्ला ते सांगनार नाईऽ!'

तुम्हाले सांगतो, ज्या गावातून वर्गणीले धेला निघाला नाही, तिथं रांग लागली, रांग! दुर्पता आली पदराखाली आणा लपवून, 'माह्या सासूचं नाव घाल गा बाबू, पन जोरानं वरड, तिले कमी आयकू येते.' अन् तिच्या मागं कोण उभं? सासू! दोघी एकमेकीले म्हणतात, 'तू कायले आली व?' 'अशीच, पाहाले!'

मग मालगुजार केशोराव आले तावातावानं. 'बंद करा! देवाधर्माचं काम अन् तुम्ही माणसामाणसात भांडणं लावून राहिले? खेळाच्या नावावर?' लोकंही म्हणाले, खरी गोष्ट आहे. फागूनं हात जोडले. 'मालक, आत्ता बंद करतो. फक्त तुमच्या नावाचे जेवढे आणे आले ते ज्याचे त्याले वापस द्या लागतीन. बोलावू का सगळ्याईले?' केशोराव खाली वाकून, एकदम बारीक आवाजात, 'नाव... काढाचं काय घेतो गा?'

'दुप्पट, मालक.'

मानलं बाप्पा पोट्ट्याईले!

मी हसत-हसत घरी आलो तर फागू दारात. 'काकाजी, तुमच्याही नावाचा आणा आला.' माझ्या? मापात मी कधी मारलं नाही... म्हणजे फार नाही. पण इचार करा, आज गावभर 'भैय्यालालले घेऊन जा गे मारबत' अन् उद्या त्याच गावाले मी तोंड वर करून मीठ विकायचं? दिले दुप्पट. पाणी पिऊन बसतो न बसतो, फागू पुन्हा! 'काकाजी, त्या मानसानं अजून टाकले.' पुन्हा दिले. पुन्हा आला! कोण आहे हा दुश्मन? अन् आमची शामकला चुलीपुढं वडे तळता-तळता शांतपणे म्हणते, 'द्या ना जी, इज्जतीपुढं पैशाचं काय?' प्रत्येक वेळी हेच! मले वाटलं, काय बायको आहे, किती जपते मले!

मारबत निघाली, माझं नाव नाही निघालं. पोट्टे गेले नागपुरात कोऱ्या चड्ड्या घालून अन्... ढाल घेऊन आले, ढाल! एकमेकाची नावं मारबतीले देणारं गाव ढोलापुढं गळ्यात गळे घालून नाचलं! मीही नाचलो. खोटं कायले बोलू, डोळे भरून आले.

मग यंदा म्हटलं, आपणही एक आणा टाकावा. शामकला फार बोलून राहिली वर्षभर, ऐकू दे तिलेही एकदा गावासमोर तिचं नाव! देवळामागं पोट्ट्याईचा तो कारभार चालते, गेलो लपत-छपत. 'फागू, एका बाईचं नाव घालाचं आहे.' फागूनं मान वळवली. 'काकीजी! गिऱ्हाईक आलं.'

अन् बांबूच्या तट्ट्यामागून कोण निघालं? शामकला! मंडळाची अध्यक्षीण!

'तू?' म्हटलं, 'तू इथं काऊन?'

'मंग दवंडीची अक्कल या लेकरायले कोनं देल्ली? तुमी सीधी वर्गणी देनार होते का?'

'अन् मागच्या साली माझ्या नावावर पैसे ओतून राहिला होता तो कोण होता?'

'कोनी नाई. मी एकच आणा टाकला जी. बाकी तुमी एकटेच लढत होते.'

अन् यंदाही तिनं माझं नाव घातलंच होतं! जिच्या नावाचा आणा घेऊन गेलो होतो, तिच्याच हातात ठेवला. माझं नाव काढायले. 'दुप्पट आहे,' म्हणे. दुप्पट दिले. मानलं बाप्पा, पोट्ट्याईले नाही, तिले मानलं!

अन् तिचा तो मागच्या सालचा एक आणा? माझ्याच गल्ल्यातला!