अ‍ॅडमिरलसाठी शिटी

पत्नी चित्रलेखा वारल्यापासून प्रतापरावांच्या घरी मराठी बोलणारं कोणी नव्हतं. त्यामुळे मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात कोविडच्या लसीच्या रांगेत पुढच्या दोघींचं बोलणं ते कान देऊन ऐकत होते.

"मंजिरी, तुमच्या वृद्धाश्रमातले ते ब्रिटिश नौदलातले आजोबा वाचले का गं?"

"वाचले! काल हॉस्पिटलमधून परत आले. डॉक्टर म्हणाले होते, आता कायमची व्हीलचेअर."

"अरेरे!"

"अगं ऐक तर. गाडी दारात थांबली, पण हे उतरेचनात. म्हणे, अ‍ॅडमिरल जहाजावर चढताना त्याच्या मानासाठी शिटी वाजवतात. ती वाजली की मी चालत येतो."

"हट्ट अगदी माझ्या सासूबाईंसारखा!"

"सोळाव्या वर्षी साधे खलाशी होते, हट्टानेच अ‍ॅडमिरल झाले."

"मग शिटी कुठून आणलीस?"

"लांब उभी राहिले, मास्क खाली केला, दोन बोटं तोंडात घातली आणि वाजवली!"

"मॅनेजर ओरडली असेल."

"ती रडत होती. आजोबा वॉकर धरून दारापर्यंत चालत आले. मला सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, तुझा हुद्दा काय?"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, कॅज्युअल, म्हणजे तात्पुरती. आठवड्याला तीन शिफ्ट."

"मग?"

"म्हणाले, आजपासून कॅप्टन."