आडनावाचा रकाना

मशीन माणसामाणसात भेद करत नाही म्हणता? मंग चंद्रभागाबाईंचं ऐका.

आमच्या कचेरीत नवीनच कॉम्प्युटर आल्ता आणि रेशनकार्डाची नावं त्यात भरायचं काम माझ्याकडं होतं. तीर्थपुरीजवळच्या भटक्यांच्या पालांवरून चंद्रभागाबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी राधा.

"आडनाव?" मी विचारलं.

"आमाला आडनाव न्हाई, साहेब."

पण तो रकाना रिकामा ठेवला की मशीन पुढं सरकायचंच नाही. मागं रांग वाढून राह्यली होती. मी त्या रकान्यात त्यांची जात टाइप केली. मशीननं बिलकुल तक्रार केली नाही.

दोन वर्षांनी बाई परत आल्या. शाळेनं कार्ड बघून राधाच्या नावापुढं तेच आडनाव लावलं होतं.

"साहेब, हजेरीला रोज जातीनं हाक मारतेत. पोरं हसतेत. पोरगी शाळंत जाईना."

मी म्हणालो, "मावशी, मशीन रिकामं घेत नाही."

"बराबर हाय. पण मशीनला आमची जात कुणी सांगितली?"

त्याच दुपारी मी त्या रकान्यात नुसतं एक टिंब टाकून पाहिलं. मशीननं ते मुकाट्यानं घेतलं. दोन वर्षांपूर्वी एवढं करून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कार्ड दुरुस्त झालं, मागून शाळेचं रजिस्टरही झालं. राधा मात्र पुन्हा शाळेत गेली नाही.