ठकीचा ताप

(शाहूपुरीतला जनावरांचा दवाखाना. दुपार. टेबलावर पांढरी मांजरी.)

केरबा : एकशे एक, डॉक्टरबाई! सलग चार दिस. एवढा ताप अंगात घिऊन ही ठकी जगत्या व्हय?

डॉ. संयोगिता : काका, आधी बसा. थर्मामीटर कुठं लावलात?

केरबा : काखेत. तीस वर्सं चंदगडच्या दवाखान्यात कंपाउंडर हुतो मी. ताप मला शिकवू नगासा.

डॉ. संयोगिता : मांजराला, काखेत? आणि तिनं लावू दिला?

केरबा : ह्ये बघा की ओरखडं. नाडीबी मोजली. एकशेऐंशी! माणूस असता तर चंदगडास्नं सलाईन लावून थेट हितं कोल्हापूरला धाडला असता.

डॉ. संयोगिता : औषध काही दिलंत?

केरबा : आपली तापाची गोळी. अर्धी कुटून दुधात घातली.

डॉ. संयोगिता : प्याली ती? काका, नीट आठवून सांगा. जीभ तरी लावली का? ती गोळी मांजराला विष असते.

केरबा : विष? आवं, न्हाय न्हाय! वास घेतला नि शेपूट वर करून गेली. सगळं दूध मोरीत वतलं. आईशप्पत!

डॉ. संयोगिता : तुमच्यापेक्षा तीच शहाणी. धरा तिला, मी मागून ताप घेते. जनावराचा तसाच घेतात... एकशे दोन.

केरबा : मेली! वाढला की वो!

डॉ. संयोगिता : काही वाढला नाही. मांजराचं अंग एवढं गरमच असतं. नाडीपण दीडशे-दोनशे पळते. खाते का नीट?

केरबा : दोन टाईम. कालच बांगड्याचं डोस्कं फस्त केलं.

डॉ. संयोगिता : मग आजारी कसली?

केरबा : माझ्या छातीवरनं उठंना झाल्या. आमच्या मंडळीची मांजरी ही. मंडळी वारली, तवापास्नं माझ्याकडं ढुंकून बघत नव्हती. आन् चार दिस झालं, नुस्ती चिकटून. म्हटलं, मरायला टेकली, म्हणून माया आली.

डॉ. संयोगिता : बरं, हात आणा इकडं. तिच्या छातीवर ठेवा, ठोके कसे असतात दाखवते... अहो काका!

केरबा : काय झालं? थांबलं का काय?

डॉ. संयोगिता : हात केवढा भाजतोय तुमचा! ताप तुम्हाला आहे. ती उबेला येऊन बसते.

केरबा : मला? तरीच अंग मोडून आलंय... म्हंजे माया-बिया कायबी न्हाय म्हणा.

डॉ. संयोगिता : स्वतःला नाही का लावलात थर्मामीटर?

केरबा : जलमभर दुसऱ्यालाच लावला की. माझ्या कपाळाला मंडळीच हात लावून बघायची. ती गेल्यापास्नं न्हाय बघितलं कुणी.

डॉ. संयोगिता : आता इथनं थेट माणसांच्या डॉक्टरकडं जायचं. एकटे नका जाऊ, मी फोन लावते. घरी कोण असतं तुमच्या?

केरबा : ही काय, बसल्या की तुमच्या टेबलावर.