डाव्या चाकाचा आटा

दगडू हे नाव माझ्या आयनं ठेवलं, माझ्या आधीची तीन पोरं गेली म्हणून, दगडाला काय होत नाय असं तिचं म्हणणं, आणि झालं पण तसंच, बघा, बाकी सगळे गेले आणि मी अजून बसलोय. गाव आमचं खेडच्या बाजूचं, पण गावाचं मला फार आठवत नाय, सात-आठ वर्षांचा असताना बाबा आम्हाला मुंबईला घेऊन आले, नायगावला बीडीडी चाळीत, एका खोलीत नऊ माणसं. बाबा गिरणीत होते, पण साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, नाय, तिथे आमच्या माणसाला घेत नव्हते, कारण काय तर कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या तोंडचा धागा दुसरा कोण तोंडात घेणार. म्हणून बाबा मला बोलायचे, तू गिरणीत जाऊ नको रे, तू लोखंडात जा, लोखंड कोणाचं उष्टं बघत नाय.

तर मी लोखंडात गेलो. परळला रुस्तमशेट म्हणून एका पारशी माणसाचं गॅरेज होतं, तिथे लागलो, पहिली दोन वर्षं रॉकेलमध्ये पार्ट धुतले, मग ड्रिलवर, मग लेथवर, आणि मग फिटर. आमच्या समाजातला त्या गॅरेजात मी पहिलाच. शेट माणूस चांगला, मला डगडू बोलायचा, त्याला द येतच नव्हता, पण हाताची पारख होती त्याला. काय सांगू तुम्हाला, एखादं बेरिंग बसवताना ते कसं जातं आत, आवाज न करता, ते ज्याला कळलं त्याला दारूची गरज नाय. मी कधी प्यायलो नाय. हे आपलं मध्येच सांगितलं.

आता परबाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय हे पुढं जात नाय. गोविंद परब, मालवणकडचा, राहायला लालबागला, आणि गिरगावात ठाकुरद्वारला एक बडे सॉलिसिटर होते, त्यांच्याकडे ड्रायव्हर. साहेबांकडे दोन गाड्या, दोन्ही परब आमच्याच गॅरेजात आणायचा, एक मोठी रोजची, आणि एक जुनी विलायती, दोन सीटची, छप्पर कापडाचं, रेसची गाडी म्हणायची ती. रविवारी साहेब स्वतः चालवायचे, चौपाटीवरून वरळीपर्यंत, आणि बाकी दिवस परब तिला पुसायचा, तेलपाणी बघायचा, कधी साहेबांना आणायला न्यायचा. परब म्हणजे असा माणूस की गाडी काढायच्या आधी रोज सकाळी चारी चाकांच्या नटांना पाना लावून एक-एक हिसका देऊन बघणार, मगच बसणार. असे ड्रायव्हर आता नाय.

आणि ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या चाळीत, लालबागला, सगळीकडे तेच, मुंबई आमची म्हणून. आम्ही दोघं मोर्चाला बरोबर जायचो, काळाचौकीवरून निघायचो, आणि एकदा लाठीमार झाला तेव्हा परबानं माझ्या शर्टाला धरून मला गल्लीत ओढला, तिथे एका बाईनं पितळेच्या तांब्यातून पाणी दिलं, आधी मी प्यायलो आणि मग त्याच तांब्यातनं तो. मी हे घरी येऊन सांगितलं होतं, आयला, बायकोला, दोनदा सांगितलं. साहेब मात्र उलट मताचे, मराठीच होते हो, पण मुंबई वेगळी राहावी असं त्यांचं म्हणणं, परबाच्या छातीवरचा चळवळीचा बिल्ला बघून एकदा बोलले, हा गाडीत बसताना काढायचा. परबानं काढला आणि खिशात ठेवला.

तर त्या छोट्या गाडीचे टायर गेले. चाकं मोठी, बारीक, जुन्या मापाची, त्या मापाचा टायर मुंबईत कुठे मिळेना, बाहेरून माल यायचा बंद झालेला. साहेब गाडी विकायलाच निघाले होते. मी शेटला बोललो, आपल्याकडे जी देशी मोठी गाडी येते दुरुस्तीला, तिची चाकं हिला लावू, टायर पायलीला पन्नास मिळतात. शेट बोलला, डगडू, भोकं जुळत नाय. मी बोललो, भोकं आपण पाडू. आणि पाडली. चारी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते तुंबे, काढले, जुने बोल्ट दाबून बाहेर काढले, हबाची तोंडं लेथवर साफ केली, नवीन मापाच्या वर्तुळावर नवीन भोकं, त्यात त्या दुसऱ्या गाडीचे बोल्ट ठोकून बसवले. सोपं वाटतं ऐकायला. भोक केसभर सरकलं तर चाक थरथरतं, आणि चाक जरा आत बसलं तर ब्रेकच्या ड्रमला घासतं, मागच्या बाजूला मी पातळ चकत्या कापून घातल्या तेव्हा ते फिरलं. आठ दिवस लागले. चाकं लहान झाल्यामुळे गाडी बुटकी दिसायला लागली आणि स्पीडचा काटा खोटं बोलायला लागला, गाडी पन्नासनं चालली की तो साठ दाखवणार, साहेब त्यावर जाम खूश.

पण एक गोष्ट होती. ती नीट ऐका. त्या जुन्या गाडीला डाव्या बाजूच्या चाकांना उलटा आटा होता. आटा म्हणजे नटाच्या आतल्या गोल चऱ्या. नट आपण उजवीकडे फिरवला की आवळतो, बरोबर, पण ह्या गाडीत फक्त डाव्या बाजूला तो डावीकडे फिरवला की आवळायचा, चाक फिरता फिरता नट सुटू नये म्हणून केलेलं. आणि मी जे बोल्ट बसवले ते त्या दुसऱ्या गाडीचे, चारी चाकांना सरळ आट्याचे. म्हणजे डावीकडचं सगळं बदललं. परबाचा हात मात्र सात-आठ वर्षं त्या उलट्या आट्यावर बसलेला. हाताची सवय वाईट. आमची आय बुद्धाची दीक्षा घेऊन आली, देव्हारा तिनं स्वतः काढला, पण संध्याकाळी दिवा लावला की हात त्या रिकाम्या कोनाड्याकडे जायचाच, मग ती हसायची आणि हात खाली घ्यायची. तर परबाला हे सांगायलाच हवं होतं, आणि ते सांगायचं काम माझं, शेटला पण मी बोललो होतो, परब आला की मी सांगतो.

परब गाडी न्यायला आला त्याच दिवशी मी गॅरेजात लाडू आणले होते. आमची मोठी मुलगी झाली होती, दीक्षेनंतर घरात आलेलं पहिलं पोर, बायकोनं बाळंतपणातनं उठल्या उठल्या रव्याचे लाडू केले, डबा भरून दिला, सगळ्यांना दे बोलली. सगळ्यांनी खाल्ले, शेटनी दोन खाल्ले. परबापुढे डबा धरला तर तो बोलला, नको रे, आज माझा उपास. बरं, असेल उपास. तो बोलला, मी जरा चहा घेऊन येतो, आणि समोर इराण्याकडे गेला, आणि मी हात पुसत दारात आलो तर तो बसलाय, आणि चहात पाव बुडवून खातोय.

मी आत आलो. डब्याचं झाकण लावलं. तो परत आला, बोलला, झाली काय रे गाडी, मी बोललो, झाली. चावी त्याच्या हातात नाय दिली, बॉनेटवर ठेवली. त्यानं उचलली, गाडी काढली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी शेट धावत आला, बोलला, तुझ्या चाकानं घात केला. काय झालं होतं, तर आदल्या दिवशी गिरणगावात हरताळ, रस्ते मोकळे, साहेबांना फोर्टातनं आणायला परब ती छोटी गाडी घेऊन निघाला, आणि चर्नी रोडच्या वळणावर पुढचं डावं चाक निघालं, ते गेलं धावत एका पानवाल्याच्या पाटाखाली, आणि गाडी जमिनीवर बसून घासत जाऊन खांबाला लागली. परबाचं मनगट मोडलं, कपाळ फुटलं. नशीब, शेजारच्या सीटवर कोण नव्हतं. पण खरं पुढेच होतं. साहेबांनी विचारलं, नट कोणी सैल केले, आणि परब सरळ माणूस, तो बोलला, सकाळी पाना मीच लावला होता. झालं. हरताळाचा दिवस, खिशात बिल्ला सापडला, साहेब बोलले ह्यानं मुद्दाम केलं, आणि पोलिसात कळवलं. परबाची बायको गॅरेजात आली, बोलली, दादा, ते असं करतील काय हो? मला दादा बोलली ती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

कारण मला एका क्षणात कळलं होतं. त्यानं डावीकडच्या नटांना नेहमीसारखा डावीकडे हिसका दिला. त्याला वाटलं आवळतोय. सैल करत होता.

शेट बोलला, डगडू, तू गप बस, सगळे बोलतील गॅरेजचा गुन्हा. आणि मला दुसरीच भीती, मी तुमच्यापासून काय लपवू, मला वाटलं की आता बोलणार, बघा, ह्या लोकांच्या हातात पाना दिला तर असं होतं, आणि माझ्या मागनं दुसऱ्या कोणाला तिथे घेणार नाय. एकट्याची चूक एकट्याची राहते, तशी आमची राहत नव्हती हो. घरी गेलो, जेवलो नाय, बायकोनं विचारलं, मी सांगितलं, फक्त नटाचं, लाडवाचं नाय. तेव्हा आम्ही पंचशील नुकतंच पाठ केलं होतं, चाळीच्या व्हरांड्यात रोज संध्याकाळी सगळे बसायचो. ती मुलीला थोपटत बोलली, खोटं बोलणार नाय असं रोज म्हणता ना, मग ते पाठ कशाला केलंत?

दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावातनं चालत गिरगावात गेलो. गाडी साहेबांच्या आवारात जॅकवर उभी, निघालेलं चाक भिंतीला टेकवलेलं. साहेब बाहेर आले, बरोबर एक पोलिसवाला पण होता. मी बोललो, साहेब, मला काय बोलता येत नाय, पण ह्या मागच्या डाव्या चाकाचा नट तुम्ही स्वतः आवळून दाखवा. ते बोलले, हा काय तमाशा आहे. मी पाना पुढे धरला. गाडीचे शौकीन ते, रविवारी चाक स्वतः बदललेलं, बसले उकिडवे, पाना लावला आणि डावीकडे जोर दिला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नट हातात आला. नट उलटसुलट करून बघितला. मी बोललो, साहेब, तुम्ही मुद्दाम नाय काढलात, परबानं पण नाय काढला.

मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, आटा बदलला हे तुला ठाऊक होतं ना, मग सांगितलं का नाहीस? काय आवाज होता तो, रागाचा नाय, खरंच विचारत होते. मी बोललो, विसरलो साहेब.

परबावरची तक्रार त्यांनी मागे घेतली, नोकरी राहिली त्याची, मनगट तेवढं वाकडं जुळलं. मला शेट बोलला, डगडू, सोमवारपासून येऊ नको, आणि बोलताना त्याचे डोळे भरले होते, ते मी बघितलं म्हणून त्याच्यावर कधी राग धरला नाय. सहा महिने बसून काढले, बायको दुसऱ्यांच्या गोधड्या शिवायची. मग बसच्या वर्कशॉपात लागलो, आणि तिथे डावी-उजवी बाजू दिसली की मी ओरडून सांगायचो सगळ्यांना, पोरं हसायची, बोलायची काका, कळलं, कळलं. राज्य झालं तेव्हा लालबागला सगळे नाचत होते, परब तिथे भेटला, गळ्यात पडला. पण त्या गोष्टीबद्दल तो कधी बोलला नाय, मी पण नाय. भेटलो की पोरांचं, गावचं, असंच.

मग खूप वर्षांनी, आम्ही दोघं म्हातारे, परब परळला इस्पितळात होता, छातीचं दुखणं. मी संत्री घेऊन गेलो. सून बाहेर गेली तसं मला काय झालं कोणास ठाऊक, मी बोललो, परबा, मी तेव्हा विसरलो नव्हतो रे. तू उपास बोललास आणि पाव खाल्लास, ते मी बघितलं, आणि माझं तोंडच उघडलं नाय. तू मरावास असं नव्हतं मनात, शपथ. नुसतं बोलायचं नव्हतं तुझ्याशी. त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग बोलला, दगडू, माका म्हायत होता. पाना लावलंय तेव्हाच हाताक कळला, नट येगळो फिरता हा. मनात इला, परळाक जाऊन दगडूक इचारूचा. पण आदल्या दिसाचा त्या लाडवाचा आठावला, तुका तोंड खयच्या तोंडान दाखवू? म्हणान इलंय नाय. तशीच गाडी काढलंय.

म्हणजे बघा, लाजेनं तो विचारायला आला नाय, नट वेगळा हे त्याला पण ठाऊक आणि मला पण ठाऊक, आणि मध्ये गाडी चालली होती. मग त्यानं माझा हात धरला, त्या वाकड्या हातानं. दोन महिन्यांनी तो गेला.

आता मी नातसुनेच्या हातचं खातो, दोन वेळचं सुखानं मिळतं, डोळ्याला कमी दिसतं पण नट चिमटीत दिलात तर आटा कुठला ते अजून सांगीन. तुमचं भलं होवो, एवढा वेळ बसून ऐकलंत, घरचे तरी कुठे ऐकतात. पण तुम्ही लिहिताय म्हणून एक सांगतो. परबाचं काय लिहायचं ते तुम्ही बघा. माझ्या नावापुढे मात्र, दगडू सांगायला विसरला, असं लिहू नका. गप्प बसला, असं लिहा.