कसणारीचं नाव

आमची वाडी पोलादपुराच्या वर, डोंगरात, वीसेक घरांची. माझा जन्म तिथलाच आणि मरणबी तिथंच यायचं. मधली पाच वर्षं तेवढी सासरी होते, महाडाकडं. नवरा गेला, पोरबाळ नाय, मग बा घ्यायला आला, म्हणाला चल गो बाय, आपल्याकडं जमीन हाय, करून खाशील. तवापासून रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, भात लावायचा, वरच्या उताराच्या वरकसात नाचणी, सगळं मीच.

बा गेला तवा दादा मुंबईवरून आला. सख्खा भाऊ माझा, तिकडं कंपनीत कामाला. म्हणाला एकच नाव ठेवू, पुढं भानगड नको, तू इथं हक्क सोडल्याची सही कर. मी चौथी शिकलेली, मला सही येते. केली. भाऊच ना तो.

मग काय सांगू तुम्हाला, सरकारचे पैसे यायला लागले, शेतकऱ्याला वर्षातून तीनदा. वाडीत ज्याच्या त्याच्या फोनवर वाजायचं, माझ्या नाय. तलाठ्याला विचारलं तर म्हणाले, बाई, सातबारा भावाच्या नावावर, पैसे त्यांच्या खात्यावर जातात. दादानं कधी सांगितलं नव्हतं. मीबी विचारलं नाय. पण वाईट वाटलं, म्हणजे बगा, चिखलात मी आणि शेतकरी तो.

एका पावसाळ्यात वरची दरड सुटली. घरं वाचली, पण आमची दोन खाचरं मातीखाली गेली, उभ्या भातासकट. पंचनाम्याला मालक पायजे, म्हणून दादाला बोलावलं. तलाठी म्हणाले, तुमची हद्द दाखवा. दादा नुसता बघत राहिला. बांध दिसत नव्हते, आणि तो उभा तरी कधी राहिला होता तिथं. मग माझ्याकडं बघितलं. मी गाळात उतरले, चालत चालत दाखवलं, इथं वरचा बांध, इथून पाण्याची वाट, हे धोंडे पडलेत ते दुसऱ्या खाचरात. तलाठ्यानं लिहून घेतलं आणि सही दादाची घेतली. भरपाई त्याच्याच खात्यावर गेली.

त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं आणि म्हणाले, दादा, पैसे तुला राहू दे. कागदावर माझं नाव पायजे. तो खाली मान घालून जेवला आणि दुपारच्या एसटीनं गेला. मला वाटलं, आता हा भाऊबीजेलाबी यायचा नाय.

पण आला. मला घेऊन कचेरीत गेला आणि ती दोन खाचरं माझ्या नावावर बक्षीसपत्र करून दिली. बाहेर बाकावर बसलो तवा म्हणाला, गो, त्या दिवशी चारचौघांत मला माझी हद्द दाखवता आली नाय. एवढंच म्हणाला आणि डोळे पुसले.

सातबाऱ्यावर नाव लागलं. मग मी त्या वर्षातून तीनदा येणाऱ्या पैशाचा फॉर्म भरायला गेले. तिथला पोरगा म्हणाला, मावशी, तुमचं नाव नवं लागलंय, नियमात बसत नाय, जुन्या नावांनाच मिळतं. मी म्हटलं, बरं. त्याला काय बोलणार, नियम त्यानं थोडाच केला. दादाला अजून येतात, उरलेली जमीन त्याच्या नावावर हाय ना.

एक खाचर मी उपसून मोकळं केलंय. दुसऱ्यातले धोंडे माझ्यानं हलत नायत, गुडघे गेले आता. दादा सुखी राहो, त्याची पोरं सुखी राहोत. मोकळं केलं त्यात यंदा भात बरा हाय.